वहीतले उत्तर कोणाचे?

नववीच्या प्रयोगांत कांद्याच्या पापुद्र्याची स्लाइड असते. कांद्याची एक पाकळी घ्यायची, तिच्या आतल्या खोलगट बाजूचा पातळ पापुद्रा चिमट्याने सोलायचा, वॉच ग्लासमधल्या पाण्यात टाकायचा, मग स्लाइडवर न दुमडता पसरायचा. सॅफ्रनिन या लाल रंगाचा एक थेंब, ग्लिसरीनचा एक थेंब आणि वरून कव्हरस्लिप. ही कव्हरस्लिप सुईवर तिरकी टेकवून हळूहळू खाली सोडावी लागते. घाईने आडवी ठेवली की खाली हवा अडकते, आणि मायक्रोस्कोपमध्ये पेशींऐवजी जाड काळ्या कडांची गोल गोल वर्तुळे दिसतात. पहिल्यांदा स्लाइड करणाऱ्या पुष्कळ मुलांच्या बाबतीत हेच होते, आणि त्यात वावगे काही नाही.

वावगे पुढे घडते. जर्नलमध्ये सगळ्यांच्या आकृत्या सारख्याच निघतात: विटांच्या भिंतीसारख्या नेटक्या पेशी, प्रत्येकीत एक केंद्रक, उजवीकडे पट्टीने ओढलेल्या नावांच्या रेघा. खाली एकच वाक्य, ‘पेशी आयताकृती व एकमेकींना लागून असलेल्या दिसल्या.’ ज्याला बुडबुडे दिसले त्यानेही तेच लिहिलेले असते. आकृती पुस्तकातली, वाक्य फळ्यावरचे. डोळे तेवढे त्या मुलाचे होते, पण त्यांनी पाहिलेले कागदावर आलेच नाही.

शाळेत मुलांचा स्वतःचा आवाज घडावा, त्यांना आत्मविश्वासाने मांडता यावे, असे आपण सगळेच म्हणतो. ते काम आपण मराठीच्या किंवा कोंकणीच्या तासावर सोपवून मोकळे होतो. ‘माझा आवडता ऋतू’ लिहून झाला की अभिव्यक्ती झाली, आणि उरलेले विषय म्हणजे माहिती. माझे म्हणणे याच्या उलट आहे. मूल स्वतःला कोण समजते, हे निबंधाच्या वहीपेक्षा विज्ञानाच्या, इतिहासाच्या, भूगोलाच्या आणि गणिताच्या वहीत अधिक ठरते. आठवड्यातले बहुतेक तास त्या विषयांचे असतात आणि ‘मला हे जमते की नाही’ याचा निकाल मूल तिथेच लावते. त्या वह्यांत वर्षानुवर्षे दुसऱ्याची वाक्ये उतरवली की मुलाची एक पक्की समजूत होते: ज्ञान दुसऱ्यांचे, आपले काम ते नीट अक्षरात लिहिण्याचे.

ब्रिटनमध्ये ११ ते १८ वयाच्या मुलांनी निरनिराळ्या विषयांत केलेल्या लेखनाचा एक मोठा अभ्यास १९७५ साली प्रसिद्ध झाला. दोन हजारांहून अधिक लेखननमुने तपासले गेले होते. त्यांतले सुमारे ६४ टक्के लेखन माहिती पोचवण्याचे होते. स्वतःशी विचार करत, चाचपडत केलेले लेखन सहा टक्क्यांच्या आसपास भरले. आपल्याकडच्या वह्यांचा असा हिशेब घातला, तर त्या सहा टक्क्यांच्या जवळ जाणारे काही हाती लागेल असे मला वाटत नाही.

गोव्यात हा प्रश्न अधिक टोचतो, आणि त्याचे कारण भाषेत आहे. इथल्या पुष्कळ मुलांच्या घरात कोंकणी, देवळाच्या फलकावर आणि सकाळच्या वर्तमानपत्रात मराठी, उत्सवाच्या नाटकात मराठी, आणि पाचवीपासून शाळेत इंग्रजी माध्यम. सरकारी मराठी प्राथमिक शाळेत चौथीपर्यंत परिसर अभ्यास मराठीतून लिहिणारे मूल हायस्कुलात गेले की विज्ञान, गणित, समाजशास्त्र हे सारे इंग्रजीत लिहू लागते. चौथीत ज्याने पावसावर आठ ओळी लिहिल्या, त्यात ओहोळ, गळके छप्पर आणि अळमी (पावसाळ्यातली अळंबी) आली, त्याच्या पाचवीच्या वहीत ‘रेन इज व्हेरी युजफुल टू अस’ एवढे एक वाक्य उरते. मुलाची समज एका उन्हाळ्यात आटत नाही. तिला बाहेर पडायची वाट बंद होते. शिक्षकाच्या हाती मात्र ते एक वाक्यच येते, आणि त्यावरून तो मुलाला ‘कच्चा’ ठरवतो. दोन-तीन वर्षांत मूलही ते मान्य करते.

प्राथमिक शिक्षणाच्या माध्यमावर या राज्यात आपण पुष्कळ भांडलो. १९९० साली अनुदान मातृभाषेतल्या प्राथमिक शाळांपुरते ठेवले गेले, २०११ साली इंग्रजी शाळांनाही अनुदान देण्याचा निर्णय झाला, त्यावर मोर्चे निघाले, घरे दुभंगली. तो वाद खोटा नव्हता. मातृभाषेतून शिकण्याची बाजू मला आजही बरोबर वाटते. पण त्या साऱ्या काळात मूल त्या माध्यमात लिहिते काय, हा प्रश्न आपण विचारलाच नाही. मराठी शाळेतही परिसर अभ्यासाची उत्तरे फळ्यावरूनच उतरवली जात असतील, तर मातृभाषेने त्या मुलाला नेमके काय दिले? २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने किमान पाचवीपर्यंत, शक्यतो आठवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. ते उद्या सगळीकडे लागू झाले तरी नोट्स घरच्या भाषेत सांगितल्या जातील, इतकाच फरक पडू शकतो.

भूगोलाच्या वहीतले एक उदाहरण जवळून पाहू. मूल लिहिते, ‘आमच्या कुळागरात पाटाचे पाणी येते.’ लाल शाई ‘कुळागरात’ खोडते आणि वर ‘बागेत’ लिहिते. शुद्धलेखन सुधारले असे वाटते, पण भूगोल बिघडला. बाग कुठेही असते. कुळागर डोंगराच्या पायथ्याशी, बारमाही झऱ्याच्या आधाराने उभे राहते. वर माड आणि पोफळी, पोफळीवर चढवलेली मिरी, खाली केळी, मधूनच फणस, आणि उतारावरून पाटाने फिरवलेले पाणी. उंचीप्रमाणे रचलेले हे थर, सावली, उतार, झरा हे सगळे त्या एका शब्दात आहे. शब्द खोडला की मुलाला कळते, घरचे ज्ञान वहीत चालत नाही. ‘कुळागर म्हणजे काय, हे गोव्याबाहेरच्या मुलाला कळेल असे तीन ओळींत लिही’ असे समासात लिहिले असते, तर तेच मूल भूगोलाचे लेखन शिकले असते: स्थानिक शब्द ठेवायचा, त्याची व्याख्या द्यायची, कार्यकारण सांगायचे.

खाजनांचेही, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या नदीकाठच्या शेतांचेही, तसेच आहे. मांडवी-जुवारीच्या काठच्या गावांतली मुले मानस, म्हणजे बांधातली पाण्याची झडप, पाहत वाढतात. भरतीचे पाणी बाहेरून रेटू लागले की मानशीचे लाकडी दार आपोआप मिटते, ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते, आणि खारे पाणी शेतात शिरत नाही. दाब हा धडा आठवीत येतो. तिथे या मुलाकडे सांगण्यासारखे पुस्तकापेक्षा जास्त असते. त्याला ते कुणी विचारत नाही, म्हणून तो पुस्तकातले धरणाचे उदाहरण पाठ करतो.

आता उपायाकडे येतो. तो महागडा नाही, पण त्यात चुकण्याच्या जागा बऱ्याच आहेत.

प्रत्येक विषयाला शंभर पानांची एक कच्ची वही द्यायची. ती वर्गातच राहील, घरी जाणार नाही. घरी गेली की शिकवणीतले कुणीतरी तिला ‘नीट’ करते. आठवड्यातून एका तासिकेची शेवटची सात मिनिटे मुले तिच्यात लिहितील, सहा ते आठ ओळी, शाईने. खोडरबर नाही, चुकले तर एक आडवी रेघ मारायची, म्हणजे आधी काय वाटले होते ते दिसत राहते. वर्षाला तीस आठवडे हाती लागले तर एका विषयात तीस टिपणे होतात. सात मिनिटेच का? पाचात मूल तापत नाही, आणि दहाच्या पुढे ज्यांना सुचत नाही ती शेजाऱ्याच्या वहीत डोकावतात.

सगळे यश प्रश्नावर अवलंबून असते. ‘बाष्पीभवन म्हणजे काय?’ असे विचारले की व्याख्या येणार, शब्द न शब्द पुस्तकातली. जुलै महिन्यात असे विचारावे: ‘काल घरात वाळत घातलेल्या कपड्यांपैकी कोणता आधी वाळला, कोणता अजून ओला आहे, आणि तुझ्या मते का?’ गोव्याच्या पावसाळ्यात याचे उत्तर प्रत्येक घरात लोंबकळत असते. कुणी लिहील की पंख्याखालचा युनिफॉर्म सकाळी घालता आला. कुणी लिहील की जीन्स वाळली पण कंबरेची पट्टी आणि खिशांच्या कडा ओल्या राहिल्या. कुणी लिहील की दोरीवर दुमडून टाकलेला टॉवेल आतून दमट होता. वारा, उघडा पृष्ठभाग, हवेतली आर्द्रता ही बाष्पीभवनाचा वेग ठरवणारी तीन कारणे मुलांच्या वह्यांतून येतात, आणि धडा त्यांच्या वाक्यांपासून सुरू करता येतो. चांगल्या प्रश्नाची खूण हीच की दोन मुलांची उत्तरे सारखी येऊच शकत नाहीत. हल्ली मोबाइलला विचारून स्वाध्याय करण्याची जी काळजी लागली आहे, तिच्यावरही याहून सोपा इलाज मला दिसत नाही. कंबरेच्या पट्टीचे मोबाइलला ठाऊक नसते.

भाषा कोणती? ज्या भाषेत मूल विचार करते ती. एकाच वाक्यात कोंकणी, मराठी आणि इंग्रजी आली तरी चालेल, लिपीही त्याला सुचेल ती. पण इथेच थांबायचे नाही, कारण परीक्षा इंग्रजीत आहे आणि विषयाची भाषा मुलाला यायलाच हवी. चार टिपणांतले एक मुलाने निवडायचे आणि ते नीट इंग्रजीत पुन्हा लिहायचे: आधी टिपणातल्या ज्या शब्दांना पुस्तकात संज्ञा आहे त्यांच्याखाली रेघ, मग त्या संज्ञा वापरून चार-पाच वाक्ये. या टप्प्यावर शिक्षक हटकून एक चूक करतात. मूल अडले की ते स्वतः वाक्य सांगतात. मुलाला सुटल्यासारखे होते, पण आवाज पुन्हा शिक्षकाचा. त्याऐवजी फळ्यावर दोन-तीन सुरुवाती लिहून ठेवाव्यात, इंग्रजीत ‘मी पाहिले की’, ‘याचे कारण बहुधा’, ‘माझी खात्री नाही, पण’ अशा अर्थाच्या, आणि बाकीचे मुलावर सोडावे.

त्या ‘बहुधा’वर थोडे थांबतो. विषयलेखनात ‘मी’ नको, ते वस्तुनिष्ठ हवे, हा आक्षेप शिक्षकच नव्हे तर पालकही घेतात. यात तथ्य आहे. प्रयोगाच्या अहवालात ‘द्रावण तापवले गेले’ अशी रचना वापरतात आणि ती मुलांना आली पाहिजे. पण वैज्ञानिकाचा आवाज ‘मी’ या शब्दात राहत नाही. किती मोजमापे घेतली हे सांगण्यात, न जुळलेला आकडा न लपवण्यात, ‘दिसले’ आणि ‘सिद्ध झाले’ यांतला फरक पाळण्यात तो ऐकू येतो. बुडबुडे दिसलेल्या मुलाने ‘गोल वर्तुळे दिसली, कडा काळ्या होत्या, स्लाइड हलवली तसे एक वर्तुळ सरकले, म्हणून ही पेशी नसावी’ असे लिहिले तर ते खरे विज्ञानाचे लेखन झाले, आणि ‘मी’ न लिहिताही ते त्याचे एकट्याचे आहे. जर्नलला एवढे एक कलम वाढवले तरी पुरे: ‘काय बिघडले आणि का’. आकृती दोन काढायच्या, एक दिसलेली आणि एक पुस्तकातली, शेजारी शेजारी. दुसरी न दिसल्याबद्दल गुण कापायचे नाहीत.

गणितात लिहायचे काय, असा प्रश्न येतो. पाऊण भागिले अर्धा हे गणित मुले अपूर्णांक उलटा करून सोडवतात आणि दीड हे उत्तर आणतात. ‘पाऊणला अर्ध्याने भागले तर उत्तर पाऊणपेक्षा मोठे कसे, हे धाकट्या बहिणीला पटेल असे लिही’ असे म्हटले की वर्ग शांत होतो. ती शांतता तीन-चार मिनिटे सोसावी लागते. ज्याने आधी चुकीचे केले आणि कुठे अडलो ते लिहिले, त्याचे टिपण वर्गात आधी वाचावे.

इतिहासात हे काम सर्वांत अवघड, आणि गोव्यात सर्वांत गरजेचे. १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल घ्या. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पाने म्हणजे वेगळे राहणे. दोन पानांना १,७२,१९१ मते पडली, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१ चा. वहीत एवढेच येते, पुढे ‘परिणाम’ या मथळ्याखाली चार मुद्दे. पण वर्गात दोन्ही बाजूंच्या घरांतली मुले शेजारी बसलेली असतात, आणि त्यांना घरी ऐकलेले वेगवेगळे असते. शिक्षक या विषयाला हात लावायला कचरतात. ते समजण्यासारखे आहे; एका वाक्यावरून पालक शाळेत येऊ शकतात. यासाठी लेखनाचाच एक नियम कामी येतो. मुलाने तीन परिच्छेद लिहायचे. पहिल्यात पुस्तकातले आकडे, ते पुस्तकातले आहेत असे सांगून. दुसऱ्यात आपल्या घरच्या मताच्या विरुद्ध बाजूचे कारण, असे लिहायचे की त्या बाजूच्या माणसाने ‘हो, आमचे म्हणणे हेच’ म्हणावे. तिसऱ्यात आजी-आजोबांनी किंवा शेजारच्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेले, ‘आजी म्हणते’ असे नाव घालून, आणि शेवटी आपल्याला त्यातले काय पटते व का. क्रम बदलायचा नाही. आपले मत आधी लिहिले की दुसरी बाजू पुतळ्यासारखी उभी राहते, पाडण्यापुरती. ‘पुस्तक म्हणते’, ‘आजी म्हणते’ आणि ‘मला वाटते’ यांची सरमिसळ न होऊ देणे हीच इतिहासकाराची पहिली शिस्त, आणि मराठी बाजूच्या घरातल्या मुलाला दोन पानांचे कारण प्रामाणिकपणे मांडता आले तर त्याचे मराठीपण उणे होत नाही.

आपल्याच मातीत जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी व्यवसायाने गणिती. जुन्या नाण्यांची वजने करून त्यांनी इतिहासाला प्रश्न विचारले, आणि जुन्या काबिजादीतल्या (पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या भागातल्या) गावकरीवर, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनीच्या व्यवस्थेवरही लिहिले. दोन विषयांच्या सीमेवर उभा राहून स्वतःच्या डोळ्यांनी पाहणारा माणूस कसा लिहितो, हे गोव्याच्या मुलांना दुसरीकडे शोधायला नको.

मोठी अडचण तपासणीची, असे शिक्षक सांगतात. छत्तीस मुले, पोर्शन पुरा करायचा, वर निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामे. म्हणून कच्ची वही तपासायचीच नाही, वाचायची. आठवड्याला नऊ वह्या, दोन मिनिटांना एक, म्हणजे अठरा मिनिटे. चार आठवड्यांत वर्ग फिरून होतो. प्रत्येक वहीत एकच ओळ लिहायची आणि ती प्रश्नाची असावी: ‘टॉवेल उलगडून टाकला असता तर?’ ‘छान’, ‘सुधारणा करा’, ‘अक्षर सुधारा’ हे तीन शेरे इथे वर्ज्य. शुद्धलेखनाच्या चुका पक्क्या लेखनात जरूर सुधाराव्यात. कच्च्या वहीत ऱ्हस्व-दीर्घाच्या लाल खुणा पडल्या की पुढच्या आठवड्यापासून मूल जे शब्द चुकणार नाहीत तेवढेच वापरते, आणि कुळागर, मानस, अळमी पहिल्यांदा जातात.

पहिले तीन-चार आठवडे फार वाईट जातात, हे शिक्षकांना आधीच सांगायला हवे. मुले पुस्तकातला परिच्छेद आठवून लिहितात, ‘सर, किती ओळी?’ ‘टीचर, मार्क आहेत?’ असे विचारतात, हुशार समजली जाणारी मुले सर्वांत जास्त गडबडतात कारण त्यांचे कौशल्य उतरवण्याचे होते. पुष्कळ ठिकाणी प्रयोग याच टप्प्यावर सोडला जातो. पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून वह्या एकमेकींपेक्षा वेगळ्या दिसू लागतात.

राहिली बोर्डाची परीक्षा. विज्ञान-समाजशास्त्राच्या उत्तरांत मुद्दे पाहून गुण देतात, हे शिक्षकांनाही माहीत असते. मुद्दे बरोबर असलेल्या स्वतःच्या वाक्यांना घाबरायचे कारण नाही. अडते ते अंतर्गत मूल्यमापनात. तिथे प्रोजेक्ट नावाची फाइल मागितली जाते: सायबर कॅफेतून काढलेली प्रिंट, रंगीत कव्हर, पुष्कळदा आईच्या हातची नक्षी. परीक्षा मंडळाने आणि पर्वरीच्या एससीईआरटीने (राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने) एवढाच बदल करावा: फाइलऐवजी वर्षातली चार निवडक टिपणे, प्रत्येकाला त्याचा कच्चा खर्डा टाचून, आणि ‘पहिल्या खर्ड्यातले काय बदलले, का’ याच्या तीन ओळी. खर्चही कमी होईल, आणि शाळा तपासायला येणाऱ्या भागशिक्षणाधिकाऱ्यांनी फेअर वहीबरोबर कच्ची वही मागितली तर ती टिकेलही.

आणि चौथी-पाचवीच्या त्या उंबरठ्यासाठी एक वेगळी सोय हवी. प्राथमिक शाळेचा दाखला मुलाबरोबर हायस्कुलात जातो, गुणपत्रक जाते. परिसर अभ्यासाची वही रद्दीत जाते. ती वहीही जाऊ द्यावी. पाचवीच्या विज्ञानाच्या आणि समाजशास्त्राच्या शिक्षकांनी पहिल्या आठवड्यात, मुलाचे पहिले इंग्रजी वाक्य तपासण्याआधी, तिची पाच पाने वाचावीत: ओहोळ, गळके छप्पर, अळमी.